बगर म्हणजे वाघ

आमच्या खाणीवरच्या साहेबाला माणसांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. तुमसरच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेली ती मँगनीजची खाण. तीन पाळ्यांत शेकडो माणसं जमिनीखाली उतरायची, आणि साहेबाच्या लेखी त्या सगळ्यांचं मिळून एकच नाव होतं: बगर. मुकादम बगर, दगडांची ट्राम-गाडी ढकलणारा बगर, चहा उशिरा आणणारा शिपाई बगर. जीपपुढे कुत्रं आडवं आलं तर तेही बगर.

साहेब काही इंग्रज नव्हता. इंग्रज जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती. हा आमच्यासारखाच सावळा, कुठल्यातरी लांबच्या मुलखातून आलेला. पण तरुणपणी त्यानं एका गोऱ्या मॅनेजरच्या हाताखाली उमेदवारी केली होती. त्या गोऱ्याकडून त्यानं खाणकाम किती उचललं ते मला माहीत नाही; अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे, वेताची छडी आणि हा एक शब्द मात्र त्यानं इमानानं उचलला होता. मालक निघून गेला तरी त्याची जुनी चप्पल डोक्यावर घेऊन फिरणारे नोकर असतात. साहेब त्यांतला.

माझा बा खाणीत टिंबरवाला होता. खाली, दगड काढून झालेल्या पोकळीत, छताला लाकडी बल्ल्यांचे टेके द्यायचे, हे त्याचं काम. शाळेत तो गेला नव्हता. बल्ली नुसती ठोकून छत कुठे बोलतंय ते मात्र त्याला कळत असे.

मी चौथी-पाचवीत असेन, बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास. पहिल्या पाळीत छताचा एक थर खाली आला आणि बाच्या बरोबरचा एक माणूस कमरेपर्यंत दगडाखाली गेला. बाने बल्ली पहारीसारखी घालून तो दगड खांद्यावर तोलून धरला, बाकी दोघांनी माणसाला ओढून काढलं. ते सगळे बाजूला होतात न होतात तोच उरलेला थर कोसळला. बा वर आला तेव्हा डोळे सोडून सगळा काळा झाला होता. साहेब खाणीच्या तोंडाशी उभा होता. त्यानं बाच्या खांद्यावर छडी टेकवली, हात नव्हे, छडी, आणि हसून म्हणाला, “यू लकी बगर.” मग जीपमध्ये बसून जेवायला गेला.

यातला ‘लकी’ बाला समजला, कारण तुमसरच्या बाजारात लकी ड्रॉ निघायचा. ‘बगर’ त्यानं रोज ऐकला होता, पण रोज तो पाठीमागून फेकलेला असायचा. आज साहेबानं समोर उभं राहून, हसून म्हटला होता. म्हणजे त्यात काहीतरी असणार. दुसऱ्या दिवशी बाने हाजरीबाबूला विचारलं.

हाजरीबाबू हा आमच्या खाणीवरचा दुसरा विद्वान. बाजूच्या गावच्या मोठ्या घरचा, बी.ए.ला नापास झालेला. टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून हजेरी मांडायची आणि पाळीवर जाणाऱ्याला नंबराचा बिल्ला द्यायचा, एवढंच त्याचं काम. बाकी लोकांना तो बिल्ला हातात द्यायचा. आमच्या लोकांसाठी फळीवर टाकायचा, टण् करून.

“बाबू, बगर म्हंजे काय जी?” बाने विचारलं.

“काहून? कोनं म्हटलं?”

“सायबानं. काल.”

हाजरीबाबूनं लेखणी खाली ठेवली. “वाघ,” तो म्हणाला. “टायगर, बगर. कान लावून आयक, सारखंच वाजते का नाही? टायगर म्हंजे साधा वाघ. बगर म्हंजे पट्टेदार, मोठा. विलायतेत शूर मानसाले राजा हे पदवी देते. सायबानं तुले देल्ली.”

मागचे दोन कारकून रजिस्टरात तोंड घालून बसले. ते कामात आहेत असं बाला वाटलं.

त्या दिवसापासून बा बगर झाला. खिडकीतून हाजरीबाबू ओरडायचा, “ये बगर, घे बिल्ला,” आणि आत हशा पिकायचा. बाही हसायचा. पाळीवरची माणसंही त्याला बगर म्हणू लागली, पण ती खरंच मानानं म्हणायची, कारण त्यांनाही तोच अर्थ सांगितलेला. नळावर माय बायांना सांगायची, “सायबानं नाव देल्लं याहिले.” शाळेत मला कुणी बगरचा पोरगा म्हटलं की मी छाती काढून चालायचो. माझ्या बुद्धीची झेप तेवढीच होती.

एकदा बाने तुमसरहून तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आणला. खाणीत डबे अदलाबदल होत, म्हणून जो तो डब्यावर नाव घालून घेई. बाने हाजरीबाबूलाच चिठ्ठी लिहून मागितली. साहेबानं दिलेलं नाव, ते साहेबाच्याच लिपीत पाहिजे. हाजरीबाबूनं इंग्रजी मोठ्या लिपीत सहा अक्षरं लिहून दिली. भांड्याच्या दुकानातल्या नाव घालणाऱ्यालाही इंग्रजी येत नव्हतं. त्यानं नक्षी काढावी तशी एकेक रेघ पाहून ती टोच्यानं ठोकली. चिठ्ठीही हाजरीबाबूनं सावकाश लिहिली असेल. असल्या माणसांचं अक्षर फार वळणदार असतं.

सात वर्षं हे चाललं. मधे साहेबाची बदली झाली, जीपमधून सामान गेलं, त्याचं पाळलेलं कुत्रंही गेलं. शब्द बाकडे राहिला.

मी बारावी झालो आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं. वसतिगृहात जागा मिळाली. निघताना बाने तोच डबा पुसून माझ्या हातात दिला. “बाहेरगावी चालला. नावाची वस्तू संग असू दे.” मायने त्यात लाखोरीच्या डाळीचे वडे भरले होते.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात दुपारी डबा उघडून बसलो. शेजारच्या बाकावर गावातली, म्हणजे भंडाऱ्यातली, दोन-तीन पोरं होती. वकिलांची, डॉक्टरांची. एकानं झाकण उचललं, वाचलं, आणि दुसऱ्याला दाखवलं.

“हे तुझं नाव आहे?”

“माह्या बाचं,” मी म्हणालो. “सायबानं देल्लं.”

ती पोरं हसून बाकावर आडवी झाली. एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. “साहेबानं दिलं रे याच्या बापाला,” असं म्हणत ती व्हरांड्यात निघून गेली आणि पुढचे पाच दिवस त्यांच्या ओळखीचा जो कोणी भेटेल त्याला घेऊन यायची, माझा डबा बघायला. अर्थ मात्र कुणी सांगेना. मला तर त्यांनाही तो धड माहीत नसावा असं वाटतं. शिवी आहे, विलायती आहे, एवढ्यावर त्यांची करमणूक भागत होती.

मी भोळेपणानं ठरवलं की विचारायचं ते जाणत्याला. इंग्रजीचे प्राध्यापक कोट घालून यायचे आणि पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचायचे. खोकला कुठे येणार तेही त्यात लिहिलं असावं. वर्ग संपताना ते म्हणाले, “एनी डाउट?” मी उभा राहिलो.

“सर, बगर या शब्दाचा अर्थ काय?”

प्राध्यापकांनी चष्मा काढला. “कुठून आलास तू?”

“खाणीवरून, सर.”

“दिसतंच आहे. गेट आउट. असली भाषा बोलणाऱ्यांना माझ्या वर्गात जागा नाही.”

मी बाहेर गेलो. नंतर कळलं की स्टाफरूममध्ये त्यांनी हा किस्सा चहाबरोबर चार वेळा सांगितला. शब्द तोंडातून काढायला ज्यांना वर्गात लाज वाटली, त्यांना स्टाफरूममध्ये तो गोड लागला.

वसतिगृहातल्या पोरांकडे जे शब्दकोश होते त्यांत तो शब्दच नव्हता. शाळकरी शब्दकोशांतून असले शब्द गाळलेले असतात. मोठा कोश कॉलेजच्या ग्रंथालयात कुलपात होता. ग्रंथपाल म्हणाला, तो फक्त प्राध्यापकांसाठी. मी तीन दिवस त्याच्या टेबलासमोर उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्याला पान खायला जायचं होतं, त्यानं किल्ली टाकली. “हात धुवून धर,” एवढं म्हणाला.

त्या पानावर तीन अर्थ होते. पहिला अर्थ मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की पुरुषानं पुरुषाशी करायच्या ज्या गोष्टीला तिकडच्या कायद्यात पूर्वी मोठी शिक्षा होती, ती करणारा. दुसरा, कुणाही माणसाला तुच्छतेनं मारायची हाक. तिसरा, बिचारा, गडी, आणि पुढे लिहिलं होतं की हा अर्थ ममतेचा आहे. साहेबानं बाला म्हटलं ते हेच असावं. खांद्यावर दगड घेऊन माणूस वर येतो आणि ममता छडीच्या टोकावरून उतरते. मला तिसऱ्या अर्थाचा राग पहिल्यापेक्षा जास्त आला.

खाली बारीक अक्षरात मूळ दिलं होतं. ते वाचून मी ज्ञानकोशाचा खंडही काढला. शब्द आला होता बल्गेरिया या देशाच्या नावावरून. हजारेक वर्षांमागे तिकडच्या काही लोकांनी मोठ्या चर्चचा धर्म सोडून वेगळा पंथ धरला. पुजाऱ्यांना मानायचं नाही, त्यांचे विधी मानायचे नाहीत. तसले विचार पश्चिमेकडे पसरले तेव्हा तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी धर्म सोडणाऱ्या सगळ्यांनाच ‘बल्गेरियावाले’ म्हणायला सुरुवात केली. आणि धर्म सोडला म्हणजे माणूस घाणेरडाच असणार, म्हणून त्या नावाला घाणेरडा अर्थ डकवला. फ्रान्समधून तो इंग्लंडात गेला, शिवी झाला, जहाजावर बसून आमच्याकडे आला.

छप्पन साली माझा आजा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्यानंतर गावातल्या मोठ्या घरांनी आमच्या वस्तीला काय काय म्हटलं ते मी पाळण्यापासून ऐकलं होतं. मला तोवर वाटायचं की हा धंदा आमच्याच मुलखातला. तो तर साऱ्या जगाचा निघाला. मी सगळं वहीत उतरून घेतलं.

आता जे सांगतो त्यात माझी काही शोभा नाही. हे वाचल्यावर मला हाजरीबाबूचा राग यायला पाहिजे होता. आला तो बाचा. सात वर्षं हा माणूस हसत होता, आपल्यालाच हसणाऱ्यांच्या संगतीनं. इतकं कसं कळत नाही? डबा मी ट्रंकेखाली सारला. दोन महिने घरी गेलो नाही, परीक्षा आहे म्हणून पत्र टाकलं.

शेवटी बाच आला. एका रविवारी सकाळी मी वरच्या मजल्यावर दाढी करत होतो. खाली फाटकाशी बाचा आवाज ऐकू आला. वाकून पाहिलं: धुतलेला सदरा, खांद्यावर तांदळाची पिशवी, आणि दारातल्या पोरांना तो विचारत होता, “बगरचा पोरगा कोटी राह्यते गा इथं? त्याले सांगा, बगर आला म्हून.”

पोरं एकमेकांकडे पाहून हसली. एकानं मुद्दाम विचारलं, “कोण आलं म्हणून सांगू, काका?”

“बगर,” बा म्हणाला, अधिक मोठ्यानं.

मी खाली लगेच गेलो नाही. अर्धी दाढी राहिली होती, ती पूर्ण केली. टॉवेलनं सावकाश तोंड पुसलं. तेवढा वेळ माझा बाप त्या दारात उभा राहून पुन्हा पुन्हा तो शब्द उच्चारत होता. पोरांचा तिटकारा मी आजही करतो, पण त्या टॉवेलचा जास्त करतो.

खाली येऊन बाला घेतलं आणि तलावाच्या बाजूला नेलं. मी पुढे, तो मागे. काठावर बसल्यावर मी बरोबर घेतलेली वही काढली.

“बा, हे नाव आता कोनासमोर घेऊ नका.”

“कायले?”

“शिवी हाय ते. घाण शिवी.”

आणि मी अर्थ सांगितला. मुलानं बापासमोर जे शब्द काढू नयेत ते काढून सांगितला, एकेक. मला वाटतं मला ते सांगताना बरंही वाटलं. बा पाण्याकडे पाहत ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “हाजरीबाबूले मालूम होतं?”

“बी.ए.पर्यंत शिकला हाय तो. मालूम असनच.”

“म्हंजे हसत होते ते...” तो थांबला. “मी बी हसत होतो न त्याईच्या संग.”

त्यानं वहीकडे बोट दाखवलं. “अखीन काय लिवलं हाय?”

मी मूळ वाचून दाखवलं. बल्गेरिया कुठे आहे ते त्याला समजावून सांगता आलं नाही. रशियाच्या अलीकडे कुठेतरी, म्हणालो. धर्म सोडल्यावर शिवी दिली हे मात्र त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

“तं त्या लोकाईनं मंग काय केलं?”

“मारले गेले बरेचसे.”

“हं,” बा म्हणाला. तांदळाची पिशवी माझ्याकडे सरकवली. “नवे हायत. दोन महिने पुरतीन.” मी त्याला बसवर बसवून आलो. निघताना त्यानं एवढंच विचारलं, “डब्यात जेवतेस न?” मी हो म्हणालो. खोटंच.

पुढचं मी पाहिलं नाही, आमच्या शेजारच्या ट्रामवाल्यानं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी पहिल्या पाळीला टाइम ऑफिससमोर रांग होती. हाजरीबाबूनं नेहमीसारखा आवाज दिला, “ये बगर, घे बिल्ला.” बा खिडकीशी गेला आणि दोन्ही हात जोडले.

“जयभीम, बगरबाबू.”

“काय म्हटलं?”

“बगरबाबू. सायबानं मले चुकून देल्ली जी ते पदवी. मी लहान मानूस, शाळा नाही शिकलो. राजानं देल्लेली पदवी मले शोभत नाही. तुमाले शोभते. आजपासून तुमी बगर.”

रांगेतल्या माणसांना ते पटलं. सात वर्षं त्यांनाही वाघच सांगितला होता, आणि बाबूला वाघ म्हणायला कुणाची हरकत असणार? मागचा म्हणाला, “जयभीम, बगरबाबू.” त्याच्या मागचा म्हणाला, “राम राम, बगरबाबू.” पाळी सुटेपर्यंत सगळ्या खाणीला कळलं. आठ दिवसांत कँटीनवाल्याचा पोरगा आणि शाळेचे मास्तरही त्याला बगरबाबू म्हणू लागले. हाजरीबाबू लाल व्हायचा, पण बोलणार काय? शिवी आहे म्हणावं, तर सात वर्षं टिंबरवाल्याला काय म्हणत होता ते सांगावं लागेल.

शेवटी तो नव्या साहेबाकडे गेला. हा साहेब हिंदी बोलणारा, अंगानं जाड. त्यानं बाला बोलावून घेतलं.

“क्यों, बाबू को गाली देते हो?”

“नहीं साहब. बाबूनेच बताया, इसका मतलब शेर होता है. सात साल मैं शेर था. अब बाबू को बना दिया.”

साहेबानं हाजरीबाबूकडे पाहिलं. “आपने बताया था?”

“साहब, मजाक में बोला था.”

“तो ये भी मजाक में बोल रहा होगा. जाइए, काम कीजिए.”

हे ऐकून खाणीवरचे लोक नव्या साहेबाच्या न्यायाचं कौतुक करत. मला त्यात न्याय दिसला नाही. त्याच्या टेबलावर चहा निवत होता आणि दोन्ही माणसं त्याला लवकर घालवायची होती. बाला जे मिळालं ते त्यानं स्वतः मिळवलं; टेबलामागच्या माणसानं त्यात काही घातलं नाही.

मला ही हकीकत कळली तेव्हा मी दिवाळीला घरी आलो होतो. मी बाला म्हटलं, आता वर तक्रार करू, अर्ज लिहू, मी इंग्रजीत लिहितो. त्यानं मान हलवली. “तुह्या इंग्रजीनं काय होते? त्याले आता रोज तीन पाळ्याईचे लोक अर्ज देऊन राहिले.”

हाजरीबाबू पंच्याऐंशी सालाच्या आसपास निवृत्त झाला. तोवर खाणीवर नवी भरती झाली होती. त्या पोरांना त्याचं खरं नाव ठाऊकच नव्हतं. निरोपाच्या कार्यक्रमात लाउडस्पीकर होता, हार होते, बुंदीचे लाडू होते. सूत्रसंचालन करणारा नवा सुपरवायझर मोठ्या आदरानं म्हणाला, “हमारे सबके प्यारे बगरबाबू.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंचावर हाजरीबाबू हात जोडून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पुढच्या रांगेत जाऊन पाहिलं. पाहण्यासाठीच मी नोकरीच्या गावाहून रजा टाकून आलो होतो. पोटभर पाहिलं, आणि लाडू न खाता उठलो.

बाहेर जीप लावलेली होती. हारांचा ढीग, भेट मिळालेली छत्री, शाल आणि एक लोखंडी पेटी जीपपर्यंत न्यायची होती. बाकीचे लाडवांभोवती गोळा झाले होते. मी पाहिलं तर पेटी बाच्या डोक्यावर होती. हाजरीबाबू एका हातानं कुडाची भिंत धरत मागून येत होता. बाने पेटी जीपमध्ये ठेवली, त्याला दंडाला धरून वर चढवलं. हाजरीबाबूनं तो दंड सोडवून घेतला नाही.

जीप गेल्यावर मी बाजवळ गेलो. माझा आवाज चढलेला होता. “कायले उचलली तुमी त्याची पेटी?”

बाने खांद्यावरच्या शेल्यानं मान पुसली.

“त्याची कंबर धरली हाय,” तो म्हणाला. “दिसलं नाही काय तुले?”